ग्रँड कॅन्यन आणि झायन: आई आणि मुलासह पाच दिवस पुरतील का?

प्रश्न (फोंडा): मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही लास व्हेगासला बहिणीकडे जाणार आहोत. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेली आई आहे. अ‍ॅरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन व अँटिलोप कॅन्यन आणि युटा राज्यातील झायन या दऱ्या पाच दिवसांत निवांत पाहता येतील का?

उत्तर (म्हापसा): येतील, मात्र ग्रँड कॅन्यनच्या दरीत उतरण्याचा मोह टाळावा. दक्षिण कडा सुमारे 2,100 मीटर उंचीवर असल्याने वर पहाटे स्वेटर लागतो, तर दीड किलोमीटर खाली तळाशी ऊन अक्षरशः भाजून काढते. आपल्याकडे घामाने सदरा चिकटला की पाण्याची आठवण होते. तिथल्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे माझ्या मुलाचे ओठ फुटेपर्यंत आम्हाला काही कळले नाही. झायनमध्ये दरीत शटल बसने फिरावे लागते. आईंसाठी तेथील पारूस ही नदीकाठची पक्की पायवाट उत्तम.

उत्तर (मडगाव): अँटिलोप नवाहो या अमेरिकेतील मूळ रहिवासी लोकांच्या भूमीवर असून वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. खालच्या भागात उभ्या लोखंडी शिड्या असल्याने आईंना तिथे नेऊ नये. पावसाची शक्यता असल्यास फेरी रद्द झाली तरी वाद घालू नका, कारण 1997 मध्ये दूरवर पडलेल्या पावसाच्या लोंढ्यात तिथे 11 पर्यटक दगावले होते. शिवाय उन्हाळ्यात युटाचे घड्याळ अ‍ॅरिझोनापेक्षा एक तास पुढे असते; झायनहून अँटिलोपला आम्ही उलट तासभर आधी पोहोचल्यामुळे आमची फेरी वाचली, पण मुले कंटाळली.

प्रश्नकर्ता (फोंडा): आभारी आहे. शिड्यांचे आधी कळले, हे बरे झाले.