इंद्रजालमधली वेताळची चित्रं लेखात टाकली तर चालतील का?

जुनाबाजार: घरी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत, काहींच्या पिना गंजून पानावर तांबडे डाग पडलेत. वेताळचं, म्हणजे फँटमचं, चित्र 1961 ला चित्रकार विल्सन मॅकॉयकडून साय बॅरीकडे गेल्यावर कसं बदललं यावर लिहितोय आणि चित्र न दाखवता ते लिहिणं म्हणजे डोकेफोड आहे नुसती. पाच-सहा चौकटी टाकू का? आणि खाली एक अख्खा अंक पीडीएफ करून दिला तर? तसंही 1990 ला इंद्रजाल बंद झालं, विकत कुठे मिळतंय आता. सौजन्य लिहीनच.

चित्रवेडी: दादा, सौजन्य लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं हो, अर्धं इंटरनेट याच भ्रमात आहे. छापणं बंद झालं तरी हक्क राहतातच, घर बंद आहे म्हणून कुलूप तोडून राहायला जाता येतं का? वेताळ किंग फीचर्स या अमेरिकन कंपनीचा आहे आणि ते अजून त्याचा धंदा करतात.

कलमबहाद्दर: परवानगीशिवाय थोडं वापरायची सूट म्हणाल तर फेअर यूज हा अमेरिकेतला प्रकार, आपल्याकडे फेअर डीलिंग, 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52. त्यात टीका आणि समीक्षेला सूट आहे, त्यामुळे चौकटी घ्यायला तुमची बाजू चांगली आहे. केरळ हायकोर्टाने नाटककार सिव्हिक चंद्रनच्या केसमध्ये काय बघितलं, तर किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ कामाशी स्पर्धा होते का. पीडीएफ तिन्हीत नापास, समीक्षा दोन पानांची आणि खाली अख्खा अंक, कोण ऐकणार. शिवाय हक्कदाराने रीतसर तक्रार केली तर साइटवाल्याला 36 तासांत लिंक बंद करावी लागते, 21 दिवसांत कोर्टाचा आदेश नाही आला तर परत चालू करता येते, पण तेवढा ताप कशाला घ्यायचा.

जुनाबाजार: ओके, पीडीएफ कॅन्सल. मॅकॉयची सपाट, साधी रेघ आणि बॅरीची काळी सावली, एकेक चौकट शेजारी शेजारी. मुखपृष्ठ टाकलं तर?

चित्रवेडी: मुखपृष्ठं बरीचशी बी. गोविंद यांची आहेत, त्यांच्या रंगकामावर चार ओळी लिहिणार असाल तर टाका, नुसतं लेख सजवायला असेल तर नको. आणि साइज लहान ठेवा, प्रिंट काढण्याजोगं स्कॅन कशाला द्यायचं.