शब्दचर्चा : मत्ता, मालमत्ता आणि दायित्व

प्रश्न (लाखनी तालुका, जि. भंडारा)

नमस्कार. मी यंदा पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले. पंचायतीच्या हिशेबाच्या नमुना ४ या तक्त्यावर ‘मत्ता व दायित्वे’ असं छापलेलं असतं. ग्रामसभेत तो वाचला, तर एका आजीनं विचारलं, ‘मत्ता म्हंजे का जी?’ मी ‘मालमत्ता’ म्हणून मोकळी झाले. मागून एक दादा म्हणाले, ‘मंग मालमत्ता कर तर आमी भरतो. आमचं घर पंचायतीचं झालं का?’ मला उत्तर देता आलं नाही. हे दोन शब्द एकच आहेत का? आणि दायित्वाच्या जागी सरळ ‘कर्ज’ लिहिलं तर काय बिघडेल?

उत्तर (साकोली, लेखा विभागातून निवृत्त)

ताई, त्या दादांचा प्रश्न अगदी रास्त आहे. गावात मालमत्ता म्हटलं की घर आणि जागा डोळ्यासमोर येते. नमुना ८ मध्ये लोकांच्या मालमत्तेची नोंद असते, कर आकारण्यासाठी. पंचायतीच्या स्वतःच्या इमारती आणि जागा वेगळ्या नोंदवह्यांत असतात. एकाच शब्दावर दोन ओझी पडली आहेत.

मूळ पाहिलं तर ‘माल’ आणि ‘मता’ हे दोन्ही शब्द अरबीतून आले. मता म्हणजे चीजवस्तू, सामानसुमान. जोडशब्द आपण घराघरांत वापरला आणि सुटा ‘मत्ता’ कचेरीत राहिला. तिथे त्याचा अर्थ रुंदावला. मत्तेत इमारत येते, बँकेतली शिल्लक येते आणि घरपट्टीची थकबाकीही येते. थकबाकीला कुणी मालमत्ता म्हणणार नाही, पण ती पंचायतीची मत्ता आहे, कारण तो पैसा येणं आहे. म्हणून नमुन्यावर ‘मत्ता’ हाच शब्द बरोबर आहे.

आता मालकीचं बघा. रस्त्यांच्या नोंदवहीला ‘ताब्यातील रस्ते’ म्हणतात. जुन्या कारकुनांनी हा शब्द फार जाणतेपणानं निवडला असं मला वाटतं. आजची आंतरराष्ट्रीय सार्वजनिक लेखामानकंही, म्हणजे सरकारी हिशेबाचे नियम, मत्ता ठरवताना हेच विचारतात : ती आज कोणाच्या ताब्यात आहे, पूर्वीच्या कोणत्या व्यवहारानं आली आणि पुढे तिचा उपयोग काय. सातबारा कोणाच्या नावावर, एवढ्यानं भागत नाही.

‘कर्ज’ मात्र लिहू नका. कंत्राटदाराची अनामत घ्या. पैसा पंचायतीच्या खात्यात दिसतो, पासबुकात शिल्लक फुगलेली असते, पण काम तपासून झालं की तो परत करायचा आहे. ते कर्ज नाही, तरी दायित्व आहे. काम झालं आणि बिल राहिलं, तेही दायित्व. कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन, तेही. ‘दा’ म्हणजे देणे, त्यावरून दायी आणि दायित्व. जे द्यावं लागणार आहे ते सगळं त्यात मावतं.

आपल्याकडे केंद्र आणि राज्याचे हिशेब मुख्यतः रोखीवर चालतात. पैसा हातातून गेला की खर्च पडला. त्यामुळे पुढे द्यायचं निवृत्तिवेतन आजच्या जमाखर्चात येतच नाही. बाराव्या वित्त आयोगानं उपार्जित पद्धतीकडे, म्हणजे पैसा हलण्याआधीच येणं-देणं नोंदवण्याकडे, जाण्याची शिफारस केली होती. न्यूझीलंडनं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सगळ्या सरकारचा ताळेबंद मांडला.

प्रतिसाद (अकोट, जि. अकोला)

काका, एक शंका. आमचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पानी खारं. पाण्याची टाकी बांधली, वहीत बांधकामाचा पूर्ण खर्च किंमत म्हणून लिहिला. टाकी उभी हाय, पानी नाही. तिले मत्ता म्हनाव का?

उत्तर (साकोली)

भाऊ, तुमच्या प्रश्नातच ‘किंमत’ आणि ‘मूल्य’ यांतला फरक आहे. किंमत म्हणजे तेव्हा मोजलेला पैसा. वापरानं दरवर्षी होणारी घट म्हणजे घसारा, तो वजा करून उरतं ते पुस्तकी मूल्य. पण उपयोगच थांबला, तर नुसता घसारा पुरत नाही. मूल्य एकदम खाली आणावं लागतं. ‘किंमत’ या एका रकान्यात हे कुठे लिहायचं? मी तर शेऱ्यात ‘वापरात नाही’ असं साल घालून लिहायला लावत असे.

उलट बाजूही पाहा. आमच्या भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी, म्हणजे सरकारसाठी गावाचा शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, १९५१ मध्ये संपली आणि तलाव शासनाकडे आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. बांधले कोहळी लोकांनी, पिढ्यान् पिढ्या आधी. खर्चाचा कागद कुठून आणणार? शहरांसाठीच्या २००४च्या राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिकेत फुकट मिळालेली जमीन नाममात्र एक रुपयानं धरायला सांगितलं आहे. हिशेबाच्या दृष्टीनं ते सोयीचं आहे, नोंद तरी राहते. पण एक रुपया पाहून कुणी त्या जमिनीकडे लक्ष देत नाही, हे मी नोकरीत पाहिलं आहे. तलावाचंही तसंच. धानाला शेवटचं पाणी त्यातून मिळतं, ढिवरांची मासेमारी त्यात. रुपयाच्या नोंदीतून हे कळत नाही.

आणि तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली तर दुरुस्ती कोणी करायची? दुरुस्तीचं काम अजून झालं नाही, कोणाचं देणं लागलेलं नाही, म्हणून लेखाशास्त्र त्याला दायित्व म्हणणार नाही. एरवीच्या मराठीत मात्र दायित्व म्हणजे जबाबदारीसुद्धा. मला तो दुसरा अर्थ फार मोलाचा वाटतो. ‘देणी’ म्हटलं की फक्त रक्कम उरते, म्हणून शब्द बदलू नये असं माझं मत.

प्रश्नकर्ती

काका, खूप आभार. आज नमुना पुन्हा काढून पाहिला. दायित्वांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आहे. शेजारच्या कपाटातल्या अनामतीच्या नोंदवहीत नालीच्या कामाची रक्कम अजून परत केलेली दिसत नाही. उद्या सचिवांना दोन्ही वह्या शेजारी ठेवून विचारते. आणि आजींना घरी जाऊन सांगते, की मत्ता म्हणजे पंचायतीजवळ काय आहे आणि पंचायतीला काय येणं आहे, ते. चालेल ना?

उत्तर (साकोली)

चालेल. ‘ताब्यात काय आहे’ असं म्हणा, म्हणजे रस्तेही त्यात येतील.