हात वर केला की शर्ट पँटीतून बाहेर, मुंढा कुठं चुकला?

खांदेपाडू

नमस्कार मंडळी. लॉकडाऊनमध्ये आईच्या पायमशीनवर बसलो ते उठलोच नाही. उश्यांच्या खोळी झाल्या, पिशव्या झाल्या, आईचे दोन गाऊन झाले, आता शर्टाच्या मागं लागलोय आणि हा तिसरा. छाती ४०, गळा साडेपंधरा. रेडीमेड ४० घेतला तर पोटाशी तंबू, ३८ घेतला तर दुसरं बटण ओढून राहते. टेलरकडं दिला तर तो "भाऊ, थोडा लूजच बरा दिसते" म्हणत दोनदा तंबूच देऊन मोकळा झाला, म्हणून म्हटलं आपणच शिवू.

जुना बरा बसणारा शर्ट उसवून त्यावरून कागद (कापायचा नमुना) काढला. छाती-पोट मस्त बसलं. पण मेट्रोत वरचा पट्टा धरला की पूर्ण शर्ट पँटीतून बाहेर येतो, चार बोटं तरी. मला वाटलं मुंढा (बाही जोडतो तो काखेभोवतीचा गोल) टाईट आहे, म्हणून खाली पाऊण इंच आणखी कापला. तर आता आधीपेक्षा जास्त वर येऊन राहिला!! बाही पण पुरत नव्हती, ताणून ताणून बसवली. वरून कॉलरपासून काखेकडं तिरप्या चुण्या पडतात, उजवीकडं जास्त. कापड चांगलं कॉटन आहे हो, नागपूरच्या गांधीबागेतून आणलेलं, जीव तुटतो. काही वाचवता येईल का?

बर्डीचा_बाप्पा

अबे एवढ्या वेळात बर्डीवर दहा शर्ट ट्राय करून झाले असते 😂 मेट्रोत पट्टा नको धरू, सीट पकड.

मशीनवाली काकू

बाप्पा, तुम्ही राहू द्या.

खांदेपाडू भाऊ, तुमच्यासारखी चूक सगळेच करतात, मी पण केली आहे, माझ्या मिस्टरांचा एक शर्ट त्यातच गेला. मुंढा मोठा केला की हात मोकळा होईल असं वाटते, होते उलटं. आरशासमोर उभं राहून हात वर करा आणि कमरेपासून काखेतून कोपरापर्यंत टेप लावून पाहा, हात खाली असताना किती आणि वर केल्यावर किती. ते वाढलेलं अंतर शर्टानं कुठून तरी द्यावं लागते, आणि ते देते बगलेची शिवण आणि बाहीची आतली शिवण मिळून. तुम्ही मुंढा खाली नेला म्हणजे बगलेची शिवणच पाऊण इंच आखूड केली. मग हात वर गेला की शर्ट खालून ओढला जाणारच, दुसरीकडून येईल कुठून. मुंढा काखेच्या जितका जवळ तितका हात मोकळा, फक्त टोचला नाही पाहिजे, एक बोट जाईल एवढी जागा ठेवायची.

बाहीचं पण तसंच आहे. वरचा गोल उंच कापला की हात खाली असताना बाही एकदम गुळगुळीत दिसते, फोटोत छान, पण हात उचलला की अडते. गोल थोडा बसका आणि दंडाला बाही रुंद ठेवली की हात फिरते, मग काखेखाली दोन चुण्या पडल्या तर पडू द्या. कोट नाही ना शिवून राहिले तुम्ही.

आता त्या तिरप्या चुण्या. त्या मुंढ्याच्या नाहीतच, खांद्याच्या आहेत. तुमचे खांदे उतरते असणार (नावातच आहे की!) आणि कागद सरळ खांद्याच्या माणसाचा आहे. शर्ट घाला, बटणं लावा, आणि कोणाला तरी खांद्याच्या टोकाला, बाही लागते तिथं, चिमूट धरायला सांगा. गळ्याकडं काही धरायचं नाही, फक्त टोकाला. चुण्या गेल्या तर निदान पक्कं. उजवीकडं जास्त धरावं लागलं तर तो खांदा जास्त उतरता आहे, बॅग त्याच खांद्यावर घेता का? दोन्ही बाजू वेगळ्या मोजा.

खांदेपाडू

काकू 🙏 हो, लॅपटॉपची बॅग उजव्याच खांद्यावर, बारा वर्षं झाली. पण चिमूट धरून तिथं शिवलं तर मुंढा लहान होईल ना? मग बाही?

मशीनवाली काकू

होईल ना, आणि तुमच्या बाबतीत तेच पाहिजे. खांद्याचं टोक वर घेतलं की अख्खा मुंढाच तेवढा वर सरकते. उतरत्या खांद्याच्या माणसाला नेहमी काय करावं लागते, की टोकाला जेवढं घेतलं तेवढाच मुंढा खाली कापायचा, नाहीतर काखेत टोचते. तुम्ही ते कापून आधीच बसले आहात, म्हणजे चूक अर्धी कामात आली. आणि बाही ताणून बसवली होती म्हणता, आता मुंढ्याचा घेर कमी होईल तर तिला ताणावं लागणार नाही. बाही वरून अर्धी उसवा, खांद्याच्या टोकाला चिमटीत आलेलं कापड शिवणीत घ्या, गळ्याकडं शून्यावर आणा, आधी कच्चा धावदोरा घाला. मशीन शेवटी.

उभा_आडवा

काकूंनी सांगितलं ते बरोबर. मी फक्त कापडाचं सांगतो. आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती, आता जिथं मॉल आहे. त्यांना घरात कोणी कापड आणलं की ते भाव विचारत नसत, आधी किनार धरून ताणून पाहायचे, मग आडवं ताणायचे, मग कोपऱ्यातून तिरपं. ताणा (उभे धागे) कमी देतो, बाणा (आडवे) थोडा जास्त, तिरपं सगळ्यात जास्त. मला लहानपणी वाटायचं हे काय खेळून राहिले. पण उसवलेल्या शर्टावरून कागद काढताना हेच नडते. जुन्या शर्टाचा मुंढा आणि गळा तिरपे असतात, वापरून वापरून ओघळलेले. तुम्ही तो ओघळलेला मुंढा जसाच्या तसा उतरवला असणार. तुकड्याची उभी रेघ आधी आखा, आणि दोन्ही बाजूंची तुलना करून पाहा, सारखे आले नाही तर समजून जा.

आणि कापड कापायच्या आधी रात्रभर भिजवलं होतं का? मागावर ताणा ताणलेला असतो, म्हणून कॉटन उभ्यात जास्त आटते. नाहीतर इतकं जमवून पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर.

पुढचा शर्ट आधी मांजरपाटावर (साधं कोरं सुती कापड) करा, कॉलर-कफ-खिसा काही नाही, नुसता सांगाडा. त्यावर पेनानं रेघा मारता येतात, कापता येते, रडू येत नाही.

नवी_सुई

मध्येच विचारते सॉरी, माझ्या कॉलरची टोकं वर वळतात, चमच्यासारखी. काय करू?

मशीनवाली काकू

खालची कॉलर वरच्यापेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी कापा, बाहेरच्या कडेनं. मग खालची वरचीला ओढून खाली वळवते. आणि टोकाशी शिवण एकदम कोपऱ्यात फिरवू नका, एक टाका आडवा घ्या, मग टोक उलटं करताना गाठ होत नाही. बकरम (कॉलरमधलं कडक कापड) शिवणीत येऊ देऊ नका.

खांदेपाडू

अपडेट. रविवारी कपाटाच्या आरशासमोर आईला उभं केलं. तिनं डावीकडं टाचण्या लावल्या, चार सूत. चुण्या गेल्या. उजवीकडं चार सुतात नाही गेल्या, पाचात पण थोडी राहिली, सहाला साफ. आई म्हणे "तुह्या बापाचा पण हाच खांदा", आणि मग बाबांचा शर्ट आणून दाखवला, त्याच बाजूला चुणी. म्हणजे बॅग उगाच बदनाम झाली.

बाही वरून उसवली, धावदोरा घातला, घालून पाहिला, मग मशीन मारली. बाही अजून डावीकडं किंचित ताणली गेली आहे पण सांगितल्याशिवाय दिसत नाही. काल सीताबर्डीला गाडी बदलताना मुद्दाम पट्टा धरून उभा राहिलो, आधी चार बोटं यायचा, आता दीड-दोन. बाकीचं मांजरपाटावर पाहू, तीन मीटर आणून भिजत घातला आहे, बादलीतलं पाणी पिवळं झालं पार.

काजांचं धाडस झालं नाही, आतापर्यंत सेफ्टी पिनांवरच चालवलं, इतवारीत काज-बटणवाल्याकडं देऊन आलो. समोरची पट्टी उभी काजं, कॉलरची पट्टी आडवं काज, म्हणजे ताणलं तरी बटण जागेवर राहील, असं दोनदा सांगितलं. तो म्हणे "माहीत आहे जी". माहीत असलं म्हणजे झालं, उद्या संध्याकाळी मिळते.