मदत हवी आहे : छोट्या समूहाच्या एथ्नोग्राफीत सहभागींची ओळख कशी झाकावी?

एका छोट्या सहकारी संस्थेतील निर्णयप्रक्रियेवर मी एथ्नोग्राफिक पद्धतीने, म्हणजे समूहात वावरून त्याचा जवळून अभ्यास करत, प्रबंध लिहीत असून, सहभागी निरीक्षण आणि मुलाखती पूर्ण झाल्या आहेत. सर्वांची लेखी संमती आहे, नीतिसमितीची मंजुरी आहे, नावेही बदलली आहेत. तरीही सदस्य एकमेकांना पदावरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून सहज ओळखतील. हा पेच जुनाच आहे : विडिच आणि बेन्समन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांच्या एका छोट्या गावावरील १९५८ मधील अभ्यासात गावाला ‘स्प्रिंगडेल’ असे टोपणनाव देऊनही रहिवाशांनी माणसे ओळखली आणि मोठा वाद झाला.

दोन व्यक्तींचे मिळून एक पात्र करून पाहिले, पण त्यामुळे कोणते विधान कोणत्या अधिकारातून आले हेच पुसले जाते, आणि मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांना अभिप्रेत असलेल्या सघन वर्णनाचा (कृतीसोबत तिचा संदर्भ आणि अर्थही उलगडणाऱ्या वर्णनाचा) प्राण तर अशा संदर्भातच असतो. तपशील गाळले, तर कोरडा अहवाल उरतो.

पुन्हा क्षेत्रकार्य करणे शक्य नाही; मसुदा सहभागींना दाखवता येईल. बाहेरच्या वाचकांपासून नव्हे, तर समूहातील ओळखीच्या माणसांपासून संरक्षण देताना आपण नेमके कोणते तपशील बदलता, आणि एखाद्या सहभागीने कळीचा प्रसंगच वगळायला सांगितला, तर विश्लेषण कसे सांभाळता?