एकाच वेळची तीन पिल्लं, वजनात दुपटीहून जास्त फरक (व्हेल्ड शॅमेलिऑन)

टेक्सासकर:
मु. पो. ह्यूस्टन. व्हेल्ड शॅमेलिऑनची (रंग बदलणारा, झाडावर राहणारा सरडा) तीन पिल्लं आहेत, एकाच मादीच्या एकाच वेळच्या अंड्यांतली, वय ३ महिने. आजची वजनं २७, २३ आणि १२ ग्रॅम. तिघं १८ × १८ × ३६ इंचांच्या एकाच जाळीच्या पिंजऱ्यात आहेत. रातकिडे दिवसातून दोनदा, एकाच वाटीतून, कॅल्शियम लावून. बल्बखालच्या फांदीवर २९ अंश. भांडण कधी दिसलं नाही. बारकं खातं, पण कमी. आजारी आहे की चणच लहान? खाणं वाढवू का?

रानजाई:
खाणं नंतर, आधी पिंजरे वेगळे करा. आजच.

शॅमेलिऑन चावाचावी न करताही एकमेकांना दाबतात. मोठं पिल्लू बल्बखालची फांदी आणि वाटीजवळची जागा धरून बसतं. बारकं खाली पानांत राहतं, म्हणजे त्याला ऊब कमी, यूव्हीबी (दिव्यातले अतिनील किरण) कमी. अंग तापलं नाही की पचन मंदावतं, पचलं नाही की भूक लागत नाही. दिवसा नीट बघा: बारक्याचा रंग गडद राहतो का, मोठं दिसताच ते फांदीच्या मागच्या बाजूला सरकून अंग चपटं करतं का? हेच तुमचं 'न दिसलेलं' भांडण.

पिंजरे शेजारी ठेवणार असाल तर मध्ये पुठ्ठा लावा, एकमेकांना नुसतं दिसणंही दबून जायला पुरतं. बारक्याला १६ × १६ × २० इंच सध्या भरपूर. मोठ्या पिंजऱ्यात त्याला किडे सापडत नाहीत. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मोठ्यांच्या मापाचे रातकिडे तिघांना देत असाल तर 'कमी खातं' याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

करवंद:
रानजाईंशी सहमत, फक्त एक भर. अंड्यातून निघाल्याबरोबर प्रत्येकाला एकटं ठेवायचं, असा अर्थ कुणी काढू नये. याच जातीवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिले दोन महिने एकटी वाढवलेली पिल्लं पुढे जास्त दबून वागली आणि भक्ष्य पकडण्यातही मंद निघाली. त्यामुळे सुरुवातीला एकत्र, पण मापाप्रमाणे गट पाडून. ३ महिन्यांनंतर मात्र एकत्र ठेवायला काहीच कारण उरत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपला घोयरा सरडा हाही शॅमेलिऑनच, आणि तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो रानातून आणून पाळायचा नाही.

तोळामासा:
बारक्याची तुलना भावंडांशी करू नका, त्याच्याच गेल्या आठवड्याशी करा. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आठवड्यातून एकदा, सकाळी, खाण्याआधी वजन. काट्यावर छोटी काठी आडवी ठेवून शून्य करा आणि पिल्लाला तिच्यावर चढू द्या. हातात दाबून धरू नका. १२ चे १३, मग १४ होत असतील आणि दर काही आठवड्यांनी कात टाकत असेल तर ते सावकाश वाढणारं निरोगी पिल्लू आहे. कात टाकायच्या आधी एकदोन दिवस भूक कमी होते, त्याला घाबरू नका.

वेगळं केल्यावरही दोन आठवडे काटा हलला नाही, किंवा वजन उतरलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे विष्ठेची तपासणी करा. नमुना ताजा, २४ तासांच्या आतला. फ्रिजमध्ये चालेल, फ्रीझरमध्ये नाही. कॉक्सिडियासारखे परजीवी असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही आणि एकाच पिंजऱ्यात तिघांनाही लागण झालेली असू शकते. औषध वजनावर ठरतं, म्हणून वजनाची वही सोबत न्या.

पाय वाकडे होणं, जबडा मऊ लागणं, फांदीवरची पकड सुटणं ही मात्र हाडांच्या आजाराची लक्षणं. तेव्हा दोन आठवडे थांबू नका. कॅल्शियम रोज, डी-३ जीवनसत्त्व नसलेलं. डी-३ असलेलं आणि मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदाच. रातकिड्यांना आधी २४ तास कोलार्डची पानं, गाजर, भोपळा घाला. उपाशी किड्यावर पावडर लावून भागत नाही.

टेक्सासकर:
मनापासून आभार. पुठ्ठा लावून तिघं वेगळी केली. आता जवळून पाहिलं तर दोन मोठ्यांच्या मागच्या पायांच्या टाचेवर बारीक कोंब आहे, बारक्याला नाही.

रानजाई:
तो कोंब नरांना जन्मापासून असतो. म्हणजे बारकी मादी आहे. माद्या पूर्ण वाढल्यावरही नरांपेक्षा लहानच राहतात, पण या वयात एवढा फरक केवळ त्यामुळे पडत नाही. वजनाची नोंद सुरूच ठेवा.

आता ती भावांबरोबर चुकूनही नको. चारपाच महिन्यांची होताच, स्वतःची वाढ पुरी व्हायच्या आत ती अंड्यावर येऊ शकते. भरून काढायचं म्हणून तिला ठासून खायला घालू नका. जास्त ऊब आणि जास्त खाणं मिळालेल्या माद्या नराशिवायही एका वेळी साठसत्तर अंडी घालतात आणि त्यात खचतात. आत्ता दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटांत संपेल एवढं. सहा महिन्यांनंतर खाणं हळूहळू एक दिवसाआड करा आणि फांदीवरचं तापमान २७ अंशांवर आणा. पाचव्या महिन्यापासून पिंजऱ्यात ३० सेंटिमीटर खोल ओल्या वाळूचं भांडं असू द्या. वाळू एवढी ओली, की मूठ वळली तर आकार धरेल पण पाणी निथळणार नाही. कोरडी असली तर तिचं बीळ ढासळतं आणि अंडी पोटातच अडकतात.