पॉवर स्टिअरिंग जड झाले आहे, वळवताना घरघरही येते; रॅक बदलावा का?

प्रश्न :
आमच्या ११ वर्षांच्या आठ आसनी डिझेल गाडीला हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारे) पॉवर स्टिअरिंग आहे. गेल्या महिन्यात सहकुटुंब कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरत असताना वळणांवर स्टिअरिंग जड लागू लागले. आता गाडी पार्किंगमधून मागे घेताना स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले की बॉनेटखालून घरघर ऐकू येते. वेग घेतल्यावर मात्र जडपणा फारसा जाणवत नाही. गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता पूर्ण रॅक (स्टिअरिंगची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळाला. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १ :
वेगात जडपणा न जाणवणे स्वाभाविक आहे, कारण फिरती चाके वळवायला जोर कमी लागतो आणि इंजिनचे फेरे वाढले की स्टिअरिंग ऑइलला दाब देणारा पंपही जोमाने चालतो. म्हणून खरी परीक्षा गाडी उभी असतानाच होते. इंजिन बंद करून स्टिअरिंग ऑइलची टाकी पाहा. ऑइल कमी असेल तर ते कोठेतरी गळते आहे. ते फेसाळलेले असेल तर टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीतून हवा ओढली जात असण्याची शक्यता अधिक, आणि घरघर बहुधा त्या हवेचीच असते. पंप फिरवणारा बेल्ट घसरत असेल तर आवाज वेगळा, म्हणजे किंचाळल्यासारखा येतो. त्यानंतर रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बेलो (घडीदार आवरणे) दाबून पाहा. त्यांत ऑइल साचलेले आढळले तर रॅकचे सील गेले आहे, आणि मग गॅरेजवाल्यांचा सल्ला अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचेच भरावे. केवळ रंग जुळला म्हणून दुसरे मिसळू नये.

उत्तर २ :
वरील मताशी सहमत आहे, परंतु केवळ ऑइल भरल्याने स्टिअरिंग हलके झाले म्हणजे दुरुस्ती झाली, असे समजू नका. गळती तशीच राहते आणि कोरडा चालणारा पंप काही दिवसांत निकामी होतो. पुढच्या टायरांतील हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होते, हेही लोक विसरतात. गाडी पुढून जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. तेथे प्ले (ढिलेपणा) जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे दोन टोकांचे सांधे) पाहावा; वर-खाली धरून हलवल्यावर जाणवला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग. बॉल जॉइंटमधील प्ले आढळल्यास कुटुंबाला घेऊन घाटात जाणे पुढे ढकलावे, कारण तो सुटला तर चाकावर ताबाच राहत नाही.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासणी करून घेतली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते आणि फेसाळलेले होते. टाकीखालच्या नळीची क्लिप सैल पडली होती व तेथील रबर कडक होऊन चिरले होते. दोन्ही बेलो कोरडे निघाले. नळी व क्लिप बदलून, जुने ऑइल काढून, पुढची चाके उचललेली ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवत हवा काढली. उजव्या टाय रॉड एंडमध्ये थोडा प्ले होता, तोही बदलून व्हील अलाइनमेंट करून घेतले. आता पुन्हा त्रास होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर १ :
पहिले काही आठवडे टाकीची पातळी दर आठवड्याला पाहा आणि गाडी जेथे रात्री उभी असते तेथे जमिनीवर डाग पडतो का, याकडे लक्ष ठेवा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून तसेच धरून ठेवू नका, कारण त्या स्थितीत पंपावर सर्वाधिक दाब येतो. अरुंद पार्किंगमध्ये तसे धरून ठेवण्याची सवय आपसूक लागते.