स्क्रीन रीडर विषयशिक्षकाला स्वतःला चालवता यायला हवा का?

फळाखडू: यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. मी गणित शिकवते. वर्गातली एक मुलगी पूर्ण दृष्टिहीन आहे, लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरते. (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा हा स्क्रीन रीडर प्रोग्राम मोफत मिळतो.) तीन महिने मी तिला स्वाध्यायाच्या पीडीएफ पाठवत होते. प्रत्यक्षात ते पानांचे नुसते फोटो होते, तिला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. ती मैत्रिणीकडून वाचून घ्यायची आणि मला काही बोलायची नाही.

हे कळल्यावर फार वाईट वाटलं. एनव्हीडीए घरी उतरवून घेतला, मॉनिटर बंद केला आणि माझीच प्रश्नपत्रिका ऐकायला बसले. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा ऐकू येत होता. समीकरणं मी चित्रं म्हणून चिकटवलेली, तिथे फक्त 'ग्राफिक'. शीर्षकं ठळक केली होती, पण शीर्षकाची स्टाइल दिली नव्हती. त्यामुळे पुढच्या शीर्षकावर नेणारी 'एच' कळ दाबून प्रश्नावरून प्रश्नावर जाता येईना. हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय मला पटलं नसतं.

दोन_तासिका: तळमळ पोचली, तरी असहमत. यासाठी विशेष शिक्षक असतात. विषयशिक्षकावर आणखी एक ओझं टाकलं की तो चार गोष्टी अर्धवट शिकतो आणि मुलाच्या सेटिंग्जमध्ये हात घालतो. आमच्याकडे एका शिक्षकांनी वाचनाचा वेग कमी करून ठेवला, कारण त्यांना स्वतःला समजत नव्हतं. मुलाला भरभर ऐकायची सवय, तो वैतागला. शिक्षकाने फाइल नीट द्यावी, बस.

फळाखडू: फाइल नीट आहे की नाही, हे न ऐकता कसं ठरवणार? विशेष शिक्षक रोज प्रत्येक तासाला शेजारी नसतात. वेगाचं मात्र मान्य. तिच्या यंत्राला तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

सहा_टिंबं: मी स्वतः दृष्टिहीन आहे. तुम्ही दोघंही ऐकण्यावरच थांबलात. कानाने लिहायला येत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. ब्रेलमध्ये इ आणि ई यांची टिंबं वेगळी, बोटाला लगेच फरक कळतो. गणितात तर जास्तच. 'एक अधिक क्ष भागिले दोन' यात भागाकार सगळ्याचा की फक्त क्षचा? स्क्रीन रीडर आला म्हणून ब्रेल मागे टाकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं शुद्धलेखन वाचवत नाही. शिकायचंच असेल तर ब्रेल डिस्प्लेही (पडद्यावरचा मजकूर ब्रेल टिंबांत उमटवणारं यंत्र) शिका, तीच फाइल बोटांखाली येते.

फळाखडू: भागाकाराचं उदाहरण वाचून दचकलेच, कारण तोंडी गणितं मी अशीच घालते. ब्रेल मी सोडूनच दिलं होतं, ही चूक आहे.

दोन_तासिका: म्हणजे यादी आणखी वाढली! त्या मुलीला विचारलंत का, तिला तुमच्याकडून काय हवंय?

फळाखडू: आज विचारलं. म्हणाली, "फळ्याकडे बोट दाखवून 'हा कोन त्या कोनाएवढा' म्हणता, तेव्हा कोनांची नावं घ्या." उद्यापासून नावं घेणार. एनव्हीडीएचा सराव चालूच राहील, आणि इ-ईची टिंबं तिच्याचकडून शिकायचं ठरलंय.

दोन_तासिका: नावं घेण्याबद्दल पूर्ण सहमत. बाकी माझं मत अजून तेच आहे.